चावरं लाकूड

८ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. पत्र बघून म्हणाल, बारक्याला काम पडलं की वहिनी आठवते. खोटं कशाला बोलू, काम पडलंय म्हणूनच लिहितोय.

इथल्या संगीत विद्यालयाने त्यांची बावीस व्हायोलिनं माझ्या दुकानात आणून टाकलीत. सगळ्यांचं दुखणं एकच, खुंट्या. तार जुळवली की दहा मिनिटांत खुंटी घसरते आणि सूर विहिरीत. कुणीतरी हलक्या लाकडाला काळा रंग फासून बसवल्यात. एकीचं डोकं तर मी पिळताच हातात आलं. दमट हवा सुरू व्हायच्या आत, म्हणजे एप्रिलअखेर, सगळी वाद्यं परत द्यायचीत. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी खुंट्या.

चार दिवस नुसता लाकडांचा विचार करतोय. आबनूस इतकं कठीण की खुंटी शाबूत राहते आणि तिचं भोक झिजून अंड्यासारखं लांबट होतं. नाकापेक्षा मोती जड. शिसम बरं, पण दमट हवा प्यायलं की फुगतं, खुंटी अडकते, मग पोरं पक्कड लावतात. खरी खुंटी म्हणजे फिरवताना लोणी आणि सोडली की तिथेच. असं लाकूड मी एकच पाहिलंय. दादाकडचं ते तांबूस काळं. मीच त्याला इथल्या वखारीतून पाठवलं होतं. जड यंत्रांखाली टेकू म्हणून जहाजातून आलेले ओंडके, वखारवाल्यालाही नाव माहीत नव्हतं. त्या लाकडाच्या ज्या खुंट्या दादाने कातल्या, त्यांच्यावरच तर माझं नाव झालं.

दादाला जाऊन तेरा महिने झाले. तुम्ही त्याची लेथ बंद पडू दिली नाहीत याचं मला किती कौतुक आहे, ते तोंडावर कधी सांगता येणार नाही म्हणून इथे लिहितो. ते लाकूड माळ्यावर असेलच. एवढ्या खुंट्या त्याच्याच कातून द्याल का? दादा त्या लाकडावर फार खूश होता.

तुमचा,
बारक्या


१९ जानेवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. काम पडल्यावर का होईना, आठवण झाली. नऊ वर्षांचा होतास मी या घरात आले तेव्हा. तेव्हाही भूक लागली की वहिनी, एरवी दादा.

माळ्यावर चढले. गुडघे कुरकुरले, पण चढले. लाकूड सापडलं, मात्र जागेवर नव्हतं. इतर सगळं लाकूड ह्यांनी समोर उभं रचलेलं असायचं, जातीप्रमाणे आणि सालाप्रमाणे. हे मागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, दोन पोत्यांत गुंडाळून तारेने आवळलेलं. तीन ठिकाणी पीळ. मी तीस वर्षं ह्यांचं काम पाहिलं, कुठलं लाकूड असं जेरबंद केलेलं पाहिलं नाही. पोत्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "नको".

काय नको? कशासाठी नको? तुला काही बोलले होते का? मला तर एक शब्द नाही. शेवटी शेवटी बोलायलाही दम लागायचा, त्यामुळे मीच फार विचारत नसे.

शिसमाचे जुने पाय आहेत माझ्याकडे, चाळीस वर्षांच्या पलंगाचे. इतकं मुरलेलं लाकूड फुगायचं नाही. ते चालेल का, कळव. माझं मन त्याच्याकडे आहे.

ठमीची तब्येत छान आहे. सहावा महिना लागला. मार्चमध्ये ती माझ्याकडे बाळंतपणाला येईल.

वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

शिसम नको. पलंगाचे पाय तर मुळीच नकोत, पाय कितीही जुना झाला तरी पायच.

"नको" म्हणजे विकायला नको, एवढंच. दादाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चांगलं लाकूड दिसलं की त्याच्याकडे येणारा प्रत्येक सुतार एक तुकडा मागायचा आणि ह्याला नाही म्हणता यायचं नाही. म्हणून लपवलं असेल. मला वेगळं काही बोलला नव्हता.

माप सोबतच्या कागदावर आहे. रेषा दांड्याच्या लांबीत सरळ जाऊ देत, तिरपी गेली की खुंटी पिळताना तुटते. गाठ आली तर तो तुकडा टाका, मोह करू नका. पहिला हप्ता फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिळाला तर मी भोकं साफ करायला घेतो.

बारक्या


१६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

चोवीस खुंट्या पाठवते आहे. मोजून घे.

तू म्हणालास ते खरं. असं लाकूड मी हातात धरलं नव्हतं. पटाशी लावली की भुसा उडत नाही, लांब रेशमी वळी निघतात आणि खोलीभर जायफळासारखा वास सुटतो. पॉलिशची गरजच नाही, अंगचं तेल आहे त्याला. नुसतं कापडाने पुसलं की आतून उजळतं. पहिली खुंटी झाली तेव्हा मी ती तळहातावर घेऊन बराच वेळ बसून राहिले. वाटलं, ह्यांनी हे मला आधी का दिलं नाही कातायला?

एक गंमत. घासताना उडते ती धूळ नारिंगी आहे. हात, पदर, उशीचा अभ्रा, सगळं नारिंगी. परवा नाक शिंकरलं तर रुमालही. मनगटावर पुरळ उठलंय आणि डोळ्यांच्या पापण्या सुजल्यात. शेजारीण म्हणाली, रडलीस का? म्हटलं, रडायला वेळ कुठे आहे. नवशिक्याला लाकूड असंच सतावतं बहुतेक. ह्यांच्याही पापण्या शेवटच्या वर्षात अशाच सुजायच्या, तुला आठवतं का? आम्ही चष्म्याला दोष दिला, दोनदा काच बदलली.

दुपारी चारनंतर थोडा खोकला येतो. पाणी प्यायलं की बसतो.

राहिलेल्या पुढच्या महिन्यात.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

खुंट्या मिळाल्या. सहा व्हायोलिनांना बसवल्यासुद्धा. थोडा खडू, थोडा साबण, आणि काय बसल्यात! विद्यालयाचे सर आले होते, एक खुंटी नुसती इकडे तिकडे फिरवत उभे राहिले. म्हणाले, "ही कुणी केली?" मी म्हटलं, "आमच्या वहिनींनी." त्यांना पटेना.

नाकाला कापड बांधत जा. खिडकी उघडी ठेवा. धूळ कुठल्याही लाकडाची वाईटच.

पुढचा हप्ता थोडा मोठा पाठवता आला तर बरं. माझाही आवाज आठ दिवस बसलाय, म्हणून फोन केला नाही. हवा बदलतेय.

बारक्या


१४ मार्च

प्रिय बारक्या,

उशीर झाला, रागावू नकोस. मध्ये पाच दिवस अंगात ताप होता. काम केलं की संध्याकाळी कणकण, सकाळी उतरलेला. दोन दिवस लेथ बंद ठेवली तेव्हा मी ठणठणीत. पुन्हा बसले, पुन्हा ताप. डॉक्टर म्हणाले, छातीत सर्दी आहे. शेजारीण म्हणते, वर्षभर दाबून ठेवलेलं दुःख आता छातीत उतरतंय. असेलही. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागतं. हे थांबायचे त्याच पायरीवर मी थांबते, हे लक्षात आलं आणि हसूच आलं.

तरी चाळीस पूर्ण केल्या. त्यातल्या निम्म्या ठमीने घासल्यात. ती आली परवा, सातवा महिना, पोट छान दिसतंय. तिला रिकामं बसवत नाही. लेथशेजारी खुर्ची टाकून बसते आणि बारीक पॉलिश पेपरने खुंट्या घासत माझ्याशी गप्पा मारते. म्हणते, "आई, बाळाला आत्तापासून हा वास ओळखीचा होणार." तिलाही पापण्यांना खाज सुटलीय. घराण्यातच आहे म्हणायचं.

आता एक विचारते, सरळ उत्तर दे. ह्यांची कामाची वही काल चाळत होते. शेवटच्या ऑक्टोबरात एक ओळ आहे : "बारक्याला लाकडाबद्दल सविस्तर लिहिलं." तू तर म्हणालास, काही बोलले नव्हते. काय लिहिलं होतं रे?

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

चाळीस मिळाल्या.

हो, दादाचं एक पत्र आलं होतं खरं. बोलणं आणि लिहिणं वेगळं, म्हणून मी तसं म्हणालो. मापांबद्दल होतं, आणखी काही किरकोळ. कुठे ठेवलंय शोधावं लागेल, दुकानात पसारा फार आहे.

ठमीला खुंट्या घासायला देऊ नका. अवघडलेली आहे, सारखं वाकून कंबर धरेल. तिला लेथच्या खोलीत बसवूच नका, आवाजाचा बाळाला त्रास होतो म्हणतात.

आता चोवीसच राहिल्या. त्या झाल्या की विश्रांती घ्या.

बारक्या


५ एप्रिल

वहिनी,

पंधरा दिवस तुमचं पत्र नाही. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. हे पत्र मिळताच लेथ बंद करा. बाकीचं नंतर वाचा, आधी उठून लेथची खोली बंद करा, ठमीला त्या घरातून दुसरीकडे पाठवा, मग वाचायला बसा.

दादाचं पत्र हरवलेलं नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहे, दीड वर्ष तिथेच आहे. त्याने लिहिलं होतं ते उतरवतो :

"बारक्या, तुझं हे लाकूड चावरं आहे. कातायला बसलो की दोन तासांनी छाती आवळते, संध्याकाळी ताप. चार दिवस शिसम कातलं तर काही होत नाही. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. हिला सांगितलेलं नाही, सांगितलं तर लेथच विकायला लावेल. एक तुकडा जाळून पाहिला तर धुरानेही घसा धरला. आता बांधून ठेवतोय. तुझ्या राहिलेल्या खुंट्या दुसऱ्या लाकडाच्या करू का, ते कळव."

मी काय कळवलं ते ऐका. मी लिहिलं, "गिऱ्हाईक याच लाकडासाठी थांबलंय. तेवढा लॉट संपव, मग वाटल्यास फेकून दे." त्याने लॉट संपवला. खुंट्या नोव्हेंबरात आल्या. डिसेंबरात तो गेला. सगळे म्हणाले दमा, मीही म्हणालो दमा.

तुम्ही विचाराल, एवढं माहीत असून तुम्हाला तेच लाकूड का कातायला लावलं. वहिनी, दमा तर कित्येकांना असतो. मी मनाशी म्हटलं, वहिनींनी हे काम केलं आणि त्यांना काही झालं नाही, तर दादा माझ्यामुळे गेला नाही. मला एवढंच हवं होतं. तुमच्या पापण्यांचं पत्र आलं त्याच दिवशी मला उत्तर मिळालं होतं. तरी मी तुम्हाला नाकाला कापड बांधायला सांगितलं.

परवा दुकानात भोकं मोठी करून तुमच्या खुंट्या घासून बसवत होतो. एकाएकी श्वास आत जाईना. जमिनीवर बसलो, टेबलाचा पाय धरून. विद्यालयाचे सर वाद्यं बघायला आले म्हणून वाचलो. त्यांनी दवाखान्यात नेलं. तिथे पडल्या पडल्या डोळ्यांपुढे ठमीच होती, खुर्चीत बसून खुंट्या घासणारी.

मला शिव्या द्या, पण उत्तर द्या.

बारक्या


१७ एप्रिल

प्रिय बारक्या,

हे ठमी लिहिते आहे, मी सांगते तसं. हातात पेन धरलं की मला दम लागतो.

सव्वीस मार्चला लेथसमोरच पडले. ठमीने शेजाऱ्यांना हाक मारली. तेव्हापासून इस्पितळात आहे. नाकात नळी आहे. पहिले पंधरा दिवस डॉक्टर न्यूमोनिया समजून औषधं देत होते आणि ती लागू पडत नव्हती. रोज विचारायचे, "मावशी, घरात कबुतरं आहेत का? धान्याचं कोठार आहे का? काय हुंगलंत?" मी म्हणायचे, काही नाही हो, साध्या लाकडाच्या खुंट्या कातते. साध्या! तुझं पत्र शेजारणीने अकरा तारखेला आणून दिलं. ठमी ते मोठ्याने वाचत होती, मध्येच थांबली आणि पत्र घेऊन थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्या दिवसापासून औषध बदललं. उतार पडतोय. पूर्ण बरी होणार नाही म्हणतात. फुप्फुसं जिथे कडक झाली तिथे झाली. जिना आता माझ्यासाठी नाही.

ठमीची सूज उतरली. बाळाचे ठोके नीट आहेत, पण डॉक्टरीणबाई दर आठवड्याला बोलावतात आणि तपासताना फार बोलत नाहीत. ते मला आवडत नाही.

(काका, आई झोपली होती, आता पुन्हा सांगते आहे.)

बारक्या, तुला शिव्या द्यायला माझ्याकडे श्वास नाही, आणि असता तरी दिल्या नसत्या. तू घाबरलास. घाबरलेला माणूस स्वतःशीच खोटं बोलतो, मग ते इतरांना सांगत सुटतो. नऊ वर्षांचा असताना बरणी फोडलीस तेव्हाही दोन दिवस मांजराचं नाव सांगत होतास, आणि तिसऱ्या दिवशी जेवता जेवता रडलास. शेवटी सांगितलंस ना? तुझ्या पत्रामुळे औषध लागू पडलं, हेही खरं.

दोन कामं कर. एक, बसवलेल्या सगळ्या खुंट्या काढून घे आणि विद्यालयाला खरं कारण सांग. काढायचं काम तू करू नकोस, दुसऱ्या माणसाला तोंड झाकून करायला सांग. स्वतःची छाती मोठ्या डॉक्टरांना दाखव. इथे उरलेल्या ओंडक्याचं आम्ही बघतो, नगरपालिकेची माणसं विषारी कचऱ्यात नेणार आहेत.

दुसरं, ह्यांचं पत्र मला पाठव. तू उतरवलेलं नको, मूळ कागद हवा. ह्यांच्या हातचं शेवटचं लिखाण तुझ्या खणात पडून राहू नये. मला त्यांचं अक्षर बघायचंय.

वहिनी


२५ एप्रिल

वहिनी,

खुंट्या काढल्या. चौसष्टच्या चौसष्ट, पेटीत बंद केल्या. विद्यालयाला सांगितलं. सर सगळी वाद्यं घेऊन गेले. छातीचा फोटो काढलाय, दोन्ही बाजूंना धुकं आहे म्हणतात.

मूळ पत्र सोबत आहे. न पाठवण्याचं कारण शोधत तीन दिवस बसलो. वळवाच्या पावसात भिजलं म्हणून कळवावं, असंही मनात आलं. पण आता पुरे. मी उतरवून पाठवलं ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. कागद उलटून पाहा.

बारक्या


९ मे

भाऊजी,

आपलं पत्र आणि सोबतचा कागद मिळाला. कागद उलटून पाहिला.

"माझं काही बरंवाईट झालं तर हिला या लाकडाला हात लावू देऊ नकोस. ती माझ्या मागे लेथवर बसल्याशिवाय राहायची नाही. हे तुझ्यावर सोपवतो."

अक्षर ह्यांचंच आहे. "सोपवतो" हा शब्द त्यांनी दोनदा गिरवलाय.

मी इस्पितळातून घरी आले आहे. खालच्या खोलीत राहते. लेथ एका ओळखीच्या सुतारांना दिली. आपण स्वतःच्या तब्येतीची काळजी घ्यावी, औषधं मधेच सोडू नयेत. आपल्या डॉक्टरांना इथल्या डॉक्टरांशी बोलायचं असेल तर पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

ठमीला दोन तारखेला मुलगी झाली. तीन आठवडे आधी. पाच दिवस काचेच्या पेटीत होती, आता स्वतःचा श्वास स्वतः घेते. रडते तेव्हा गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. मी जवळ बसते आणि प्रत्येक श्वास ऐकते.

तिला बघायला आपण येऊ नये.

- ठमीची आई